सायबिणीला वाहिलेला मेणाचा ठोकळा

मित्रांनो, मी एक जुना मेणाचा ठोकळा आहे. आकार काडेपेटीपेक्षाही लहान. माझ्या पोटात एका माणसाच्या शरीराचा तुकडा आहे. दचकू नका, तो माणूस हयात आहे.

तारकर्लीच्या आल्बर्ट मास्तरांना पाच वर्षांपूर्वी कर्करोग झाला. पुरुषांच्या मूत्राशयाखाली प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. डॉक्टरांनी ती कापून काढली आणि तिचे तुकडे टिकावेत म्हणून मेणात बसवले. त्यातलाच मी एक. माझे केसाहून पातळ काप काढले, गुलाबी-जांभळे रंगवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. रोग पुन्हा उठेल का, याचा अंदाज डॉक्टरांना हवा होता. मलाही भारी उत्सुकता होती! पण स्वतःच्या पोटातलं स्वतःला कुठे वाचता येतं?

पुढे दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला म्हणून मला मास्तरांकडे दिलं. दाखवून झालं, पण मी परत गेलोच नाही. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात रिपोर्टांखाली पडून राहिलो. कुणी विचारपूसही केली नाही.

एक दिवस मास्तरांच्या पत्नी लूर्डसबाई यांनी डबा उघडला. इथल्या ख्रिस्ती घरांत नवस फेडताना बऱ्या झालेल्या अवयवाची मेणाची प्रतिकृती सायबिणीला, म्हणजे मारियामातेला, वाहतात. पाच वर्षं सुखरूप गेली तर वाहीन, असं बाई बोलल्या होत्या.

"लोक मेणाचे हात-पाय वाहतत. माझ्याकडे तर खरोच तुकडो आसा!" त्या म्हणाल्या.

फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या वार्षिक सणाच्या, दिवशी रुमालात गुंडाळून मला चर्चमध्ये नेलं. खोटं कशाला बोलू, मी फुशारून गेलो. टोपलीत मेणाच्या एका कानाशेजारी ऐटीत बसलो. मग कळलं की फेस्त सरलं की हे सगळं मेण वितळवून मेणबत्त्या करतात. माझी पाचावर धारण बसली.

बाईंना एक गोष्ट ठाऊक नव्हती. ग्रंथी काढल्यावर रक्तातला पीएसए नावाचा आकडा जवळजवळ शून्य राहायला हवा; वाढला तर रोग परतल्याची शंका. मास्तरांचा तो तीन महिन्यांत दोनदा वाढला होता आणि त्यांनी घरात चकार शब्द काढला नव्हता. फेस्ताच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला, "धोका किती आहे, रेडिएशन लगेच द्यायचं का, हे ठरवायला जुना ठोकळा पुन्हा तपासायचाय. घेऊन या."

मास्तरांनी डबा पालथा केला. "लूर्डस, तो मेणाचो ठोकळो खंय गो?"

"सायबिणीक वाहिलंय. कित्याक?"

आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मास्तरांनी वाढलेला आकडा आणि डॉक्टरांचा फोन, सगळं सांगितलं. "तीन म्हयने! माका सांगूक काय झालेला तुका?" एवढंच म्हणून बाई चर्चकडे धावत सुटल्या.

तिथे सेवक नेव्हिलने चूल पेटवली होती. तो कान तर पातेल्यात गेलासुद्धा. नेव्हिलचा हात माझ्याकडे वळला.

"नेव्हिल, थांब! माझ्या घोवाक वितळवू नको रे!"

आपण कुणाच्या नवऱ्याला वितळवतोय हे न कळून नेव्हिलच्या हातातला डाव खाली पडला. बाईंनी मला उचललं खरं, पण पाऊल अडलं. देवाला वाहिलेलं परत कसं न्यायचं? पाद्री अ‍ॅलन सगळं ऐकून हसले. "सायबिणीक मेण कित्याक गो? तिका तुझो घोव बरो झालेलो व्हयो. घेऊन जा."

माझे पुन्हा काप निघाले. "हा अंदाज आहे, भविष्य नव्हे," डॉक्टर म्हणाले, "पण धोका बऱ्यापैकी दिसतोय. थांबायला नको." मास्तरांचं रेडिएशन झालं. आता दर तीन महिन्यांनी रक्ताचा रिपोर्ट येतो आणि पाकीट बाई फोडतात. परवा आकडा खाली आला होता.

मित्रांनो, आमच्यासारखे ठोकळे, जुने रिपोर्ट जपून ठेवा. कधी उपयोगी पडतील सांगता येत नाही. माझ्या कापांत डॉक्टरांना पुष्कळ काही दिसलं. पण ते तीन महिने मास्तर एकटेच किती घाबरले होते, हे एकाही कापात दिसलं नाही. ते माणसाने आपल्या तोंडानेच सांगावं लागतं.