आखूड दोर

डिग्बीच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या एल्डनला एकच ध्यास लागला होता: आपल्या शिडाच्या होडीतून बायकोसह दूरच्या न्यूफाउंडलंड बेटावर जायचं. बायको, लोर्ना, तयार नव्हती. तिला समुद्राची भीती नव्हती, नवऱ्याची होती.

"तुझं कधी चुकतच नाही," ती म्हणायची. "खडकावर आदळलो तर खडक चुकला म्हणशील. अशा माणसाबरोबर दोन महिने? आधी एक दिवस जाऊन बघू, मग ठरवते."

तो दिवस आजचा. वारा शहाण्यासारखा वागला. शेजारच्या गावच्या धक्क्याला ऐन भरतीत होडी लावताना एल्डनने दोर असे घट्ट आवळले, की बघणाऱ्याने वा म्हणावं. बघणारं कुणी नव्हतं, म्हणून त्याने स्वतःच म्हटलं.

"दोर आखूड नाहीत का रे?" लोर्नाने विचारलं.

"तू शिंपल्यांचं सूप कुठे चांगलं मिळतं ते बघ."

सूप उत्तम होतं. दुसरा वाडगाही उत्तम होता. दोन तासांनी परतले, तर धक्क्यावर ही गर्दी! ओहोटीने पाणी पुरुषभर खाली गेलं होतं आणि होडी खुंटीवरच्या पिशवीसारखी दोरांना लोंबकळत होती. त्यांच्या बंदरातला धक्का तरंगता, पाण्याबरोबर खाली-वर होणारा. तिथे दोर कसेही बांधले तरी चालायचं. हा धक्का जागचा हलणारा नव्हता.

गर्दीत वेंडल होता, एल्डनचा जुना विद्यार्थी, आता मच्छीमार. "सर, सहा तास भरती, सहा तास ओहोटी! माझ्याकडून शंभरदा लिहून घेतलं होतंत!"

सगळे खो खो हसले. एल्डनचे कान लाजेने तापले. दोर विकणारा, धक्का बांधणारे, झालंच तर चंद्र, असे सगळे गुन्हेगार त्याच्या जिभेवर ओळीने येऊन उभे राहिले. लोर्ना मात्र होडीकडे बघतच नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती.

"मी बांधले," तो म्हणाला. "ही सांगत होती, मी ऐकलं नाही. गाढवपणा माझाच."

वेंडलने सुरीने दोर कापले. होडी धप्पकन पाण्यात पडली, हेलकावली आणि तरली. लोर्ना लांब दोर घेऊन शिडीवरून खाली उतरली.

"न्यूफाउंडलंडला येते मी," ती खालून ओरडली. "पण दोर मी बांधणार!"

तिने मारलेली गाठ चक्क उलटी होती. एल्डनने तोंड उघडलं, धक्क्याच्या खांबांना अजून लटकलेल्या स्वतःच्या सुरेख गाठींकडे पाहिलं आणि मिटलं.