बाभळीखालची लेकुरवाळी

मरळ मासा सापडायची ती जागा तानूबाईनं नवरा गेल्यापासून कुणालाच दाखवली नव्हती. पोटच्या अतुललाही नाही. आज मात्र ती स्वतःहून होडीत बसली.

अनुजा, तिची लेक, बाळंतपणाला माहेरी आलेली. सिझर झालेलं, उठली की डोळ्यांपुढं अंधारी. मरळीचं कालवण पोटात गेलं की अंगात ताकद येते, हे भोयाच्या घरात कुणी शिकवावं लागत नाही. पण चार दिवस अतुल धरण पालथं घालत होता आणि पाटीत नुसते चिलापी मासेच आणत होता. बारीक डोळ्यांच्या जाळ्यांनी बोटभर पिल्लूसुद्धा ठेवलं नव्हतं.

रोजच्यासारखं तानूबाईनं पाण्याला जास्वंद वाहिलं.

"मागून घे की एक," अतुल वल्हं मारत म्हणाला. "मंगळवार पेठेतलं गिऱ्हाईक मरळ मरळ करून डोस्कं खातंय, आन् घरच्या बाळंतिणीला न्हाय."

तिनं दाखवलेल्या, धरणात बुडालेल्या बाभळींपाशी होडी थांबली. पाण्यावर कुंकू सांडल्यागत लाल पिल्लांचा घोळका वळवळत होता. खाली काळसर सावली. आई.

इथंच तिचा नवरा वल्हं थांबवायचा. पुढ्यात फ्रॉकातली अनुजा. "शाळा सुटली बघ पोरी!" म्हणायचा. मग पाण्यावर चापट मारायचा. "जा बाई, सांभाळ लेकरं." आणि होडी वळवायचा. पुढच्या वळणाला दुसरी मरळ मिळायचीच.

अतुलनं गळाला बेडकी लावली. पिल्लांत गळ पडला की मरळ झेपावतेच. भुकेनं नव्हे, रागानं.

"गप बस हं आई. येवढी एकच हाय."

अनुजाचा पांढराफटक चेहरा तानूबाईच्या डोळ्यांपुढं होता. एकदाच, असंही तिच्या मनात येऊन गेलं. तेवढ्यात पिल्लं श्वासाला वर आली, आणि त्यांच्या मागोमाग आईचं रुंद डोकं.

तानूबाईचा हात पाण्यावर फाडकन आपटला. सावली नाहीशी झाली.

"आई! काय केलंस ह्ये?"

"तुझा बा करायचा त्येच."

"बाच्या येळंला ढिगानं हुत्या!"

"व्हय की," ती हळूच म्हणाली. "म्हणून त्यास्नी सोपं गेलं."

घरी अतुलनं पाटी आदळली. "आईनं हाकलली मरळ. खा आता चिलापी!"

तानूबाई मान खाली घालून खवले काढू लागली. लेकीकडं बघायचा तिला धीर होईना. आत बाळ कुरकुरलं, गप झालं.

"आई," अनुजानं विचारलं, "बाभळीखाली व्हय? पिल्लं लालच हुती का?"

"कुंकवावानी."

"मग लईच बारकी हायती अजून."

तिनं बाळाला दुसऱ्या अंगावर घेतलं. मग म्हणाली, "चिलापीत तिखट जरा बेतानं घाल गं."