हाजराबीच्या घरचं बी

मोर्णेकाठच्या त्या गावात ज्वारीचं बी म्हटलं की हाजराबीचंच घर. बाईला ना जमीन, ना लेकरू. नवरा गेल्यापासून पंचवीस वर्षं ती लोकांच्या उभ्या पिकातून फिरायची, भरली कणसं निवडायची, बी राखेत आणि कडुलिंबाच्या पाल्यात घालून मडक्यांत ठेवायची. पेरणीआधी गावच्या बाया टोपल्या घेऊन यायच्या. वर्षातून तेवढे चार दिवस तिचा ओटा गजबजायचा.

सहासष्ट साली ग्रामसेवक कमलाकांत हायब्रीडच्या थैल्या घेऊन आले. गाव बदलायचं तर आधी बी बदला, असं पारावर सांगू लागले. आता बदलाला हाजराबीची कुठं ना होती? निवडून निवडून तिनंच तर कणसं दुप्पट केली होती. पण पंचवीस वर्षं लागली की कुणाला तो बदल वाटत नाही.

त्या साली पीक असं आलं, की गाव बघत राहिलं. सुगीनंतर बायांनी सवयीनं हायब्रीडची कणसं हाजराबीकडेच आणून टाकली. बाई हरखली. हरखणारच हो! तिनं ते बी जिवापाड जपलं.

दुसऱ्या साली तेच पेरलं, तर ज्वारीचं एक ताट कमरेएवढं, दुसरं डोक्यावर, कणसांत दाणा नाही.

"हाजराबीच्या हाताले गुण नाही राहिला आता," विहिरीवर मैनाबाई म्हणाली. झालं, गावाला कारण मिळालं.

कमलाकांतांनी ऐकून कपाळाला हात लावला. "मावशी, हे बी ठेवायचं नसतं. दरसाल नवं आणायचं. पारावर सगळ्यांना सांगितलं होतं मी."

"पारावर तं बाप्ये बसतात, साहेब. बी बाप्ये ठेवतात काय?"

पुढं त्यांनी गावाला समजावलंही, पण लोकांनी नव्या थैल्या आणल्या होत्या. हाजराबीशी आता कुणाचं कामच उरलं नव्हतं.

तिसऱ्या साली पेरणीआधी तिनं ओटा सारवला. जुन्या ज्वारीचं एकच मडकं उरलं होतं, ते दाराशी मांडलं. चार दिवस वाट पाहिली. कुणी फिरकलं नाही. तिला फार एकटं वाटलं. पाचव्या दिवशी तिनं राख धुऊन दाणे वाळवले, दळले आणि भाकरी थापायला बसली.

कमलाकांत दारावरून चालले होते, त्यांना तिनं हाक मारली. भाकरी-ठेचा पुढं ठेवला.

"काय गोड ज्वारी आहे ही! मावशी, हिचं बी आहे का तुमच्याकडे?"

हाजराबीनं त्यांच्या ताटात दुसरी भाकर वाढली.

"तेच तं खाऊन राहिले तुमी, साहेब."