डचेसचा उपास

इंग्लंडातल्या आमच्या बर्नली गावात साप पाळणाऱ्यांचं एक मंडळ आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी आम्ही चर्चच्या हॉलमध्ये जमतो, चहा पितो आणि कुणाच्या अजगराने किती दिवस खाल्लं नाही याच्या बढाया मारतो. थट्टा नाही. पाळलेले अजगर हिवाळ्यात महिनोन्महिने तोंडाला काही लावत नाहीत. नवखा माणूस घाबरून डॉक्टरकडे पळतो, जुना गप्प बसतो. त्यामुळे जो जास्त दिवस गप्प बसला तो जास्त जाणकार, असं आमच्यात ठरून गेलं आहे.

हे मंडळ माझ्या नवऱ्याने, अर्नल्डने काढलं. मी तिथे फक्त चहा करायची. घरात बावीस वर्षं डचेस नावाची अजगरीण होती, पण ती त्याची. मी आपली तिच्या काचेच्या पेटीवरची धूळ पुसायची, तेवढाच आमचा संबंध. गेल्या वर्षी मार्चमध्ये अर्नल्ड गेला आणि डचेस माझ्याकडे राहिली. पहिले काही महिने मला तिचा राग यायचा. मग तिच्याशी बोलायला लागले, कारण घरात दुसरं होतं कोण?

नोव्हेंबरात तिने उंदीर खायचं सोडलं. फ्रीजरमधला मेलेला उंदीर कोमट पाण्यात ऊब आणून चिमट्याने तिच्यापुढे धरावा, तर तिने मान फिरवावी. जानेवारीत टीव्ही बंद केल्यावर पेटीतून बारीक शिट्टी ऐकू यायला लागली. मी मंडळात विचारलं.

"दोन महिने? एडना, अगं हे काय सांगायची गोष्ट झाली?" अध्यक्ष क्लिफर्ड म्हणाला. "माझीने सात महिने खाल्लं नव्हतं."

"सातच?" म्यूरियल म्हणाली. तिचा नवरा सिरिल अर्नल्डच्या दोन वर्षं आधी गेलेला, साप मात्र तिचा स्वतःचा. "आमच्या लिओपोल्डने अकरा काढले."

"एकोणीस," मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांनी आदराने मागे वळून पाहिलं.

"पण ती शिट्टी वाजवते," मी म्हणाले.

"कात टाकायची असेल. तेव्हा नाक चोंदतं त्यांचं."

"टाकून तीन आठवडे झाले."

"मग हिवाळा आहे," क्लिफर्ड म्हणाला आणि केकचा दुसरा तुकडा उचलला.

हे शब्द माझ्या ओळखीचे होते. आदल्या वर्षी अर्नल्ड तीन उशा पाठीशी घेऊन, हनुवटी वर करून, बसल्या बसल्या झोपायचा आणि त्याच्या छातीत शिट्टी वाजायची. डॉक्टरकडे चल म्हटलं की म्हणायचा, "हिवाळा आहे, जाईल." हिवाळा गेला, आणि तोही गेला.

घरी आले तर डचेस काचेला टेकून मान ताठ वर धरून बसलेली. तोंड किंचित उघडं, कडेला एक बुडबुडा. थेट अर्नल्डसारखी. जवळून बघायला मी पेटीपाशी वाकले, तेव्हा बाजूला चिकटवलेलं कार्ड दिसलं. अर्नल्डचं अक्षर. वर्षानुवर्षं मी ते पुसत आले होते, वाचलं कधीच नव्हतं.

"नुसती खात नाही: थांबा. शिट्टी, उघडं तोंड, बुडबुडे, मान वर: थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टर. मंडळात विचारू नका."

मी रडले, आणि मला त्याचा संतापही आला. सापाबद्दल एवढं कळत होतं या माणसाला, मग स्वतःबद्दल का नाही कळलं?

साप न्यायचा तर उशीच्या अभ्र्यात घालून न्यायचा, एवढं मला ठाऊक होतं. त्या तीन उशांपैकी एकीचा अभ्रा काढला, डचेसला त्यात घातलं, शेजारी गरम पाण्याची पिशवी ठेवली आणि गाडी काढली.

"छातीत संसर्ग आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वेळेवर आणलीत. बाकीचे सापाने मान टाकल्यावर आणतात. पेटी थंड पडली होती का?"

पेटीची ऊब कमी-जास्त करायचा खटका मीच धूळ पुसताना फिरवला होता, कधी ते देव जाणे. मी तसं सांगितलं. त्यांनी सरळ इंजेक्शन भरायला घेतलं, त्याचं मला फार बरं वाटलं. तीन आठवडे इंजेक्शनं झाली, आणि मार्चअखेर डचेसने एक अख्खा उंदीर गिळला.

एप्रिलच्या बैठकीत मी तेवढंच सांगितलं. उपास सुटला म्हटल्यावर टाळ्या पडल्या. मग क्लिफर्ड उठला आणि अर्नल्डच्या नावाचा चषक टेबलावर ठेवला. सगळ्यात जास्त धीर धरणाऱ्याला तो यंदापासून द्यायचं ठरलं होतं.

"पाच महिने," तो म्हणाला आणि श्वास घ्यायला थांबला. "नवखी असून," पुन्हा थांबला, "डॉक्टरकडे न धावता."

खरं सांगायला मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मला ती शिट्टी ऐकू आली. हॉलमध्ये साप एकही नव्हता. क्लिफर्ड दोन्ही हात टेबलावर टेकून, हनुवटी वर करून उभा होता.

"ही शिट्टी कधीपासून आहे?" मी विचारलं.

"कुठली? अगं, हिवाळा आहे."

"एप्रिल आहे, क्लिफर्ड."

अर्नल्डचं कार्ड आता माझ्या पर्समध्येच असतं. ते काढून मी त्याच्यापुढे ठेवलं. त्याने चष्मा लावून वाचलं, शेवटच्या ओळीपर्यंत आला आणि सगळ्यांकडे बघायला लागला.

"त्यात काय एवढं," म्यूरियल सवयीने म्हणाली. "आमच्या सिरिलची शिट्टी चांगली सात महिने होती."

म्यूरियलने कपबशी खाली ठेवली.

"एडना, गाडी काढ," ती म्हणाली. "मी क्लिफर्डचा कोट आणते."