पडप्रूफ

मी 'प्रूफ' बोलतोय. इंग्रजी शब्दांच्या शेपटाशी बसणारा. ज्याच्या मागे बसेन त्याला मी बजावतो, "बाबा रे, तुझं इथं काही चालायचं नाही!" पाण्यामागे बसलो की वॉटरप्रूफ, आगीमागे बसलो की फायरप्रूफ.

माझा जन्म कुठला, मलाच आठवत नाही. पण रेनकोटच्या कारखान्यात माझे दिवस मजेत गेले. तिथं गब्बू नावाच्या एका पोराची आई शिवणकामाला होती. शिवलेल्या बाहीचं एक तोंड बांधून आत पाणी ओतायचं, थेंब ठिबकला नाही तरच माझा शिक्का. बाई इतकी धास्तीखोर, की दुसरीनं तपासलेली बाहीसुद्धा पुन्हा तपासायची.

घरीही तोच घोर. सव्वा वर्षाचा गब्बू अजून चालत नव्हता. चालणार कसा? ती त्याला कडेवरून उतरवतच नव्हती.

"अगं, पोराला जमीन दाखव की!" सासूबाई म्हणायच्या.

"पडला म्हणजे?"

"पडेल. तुझा नवरा पडून पडूनच एवढा झालाय."

शेवटी तिनं कारखान्यातून फोमचे उरलेले तुकडे मागून आणले आणि गब्बूला गळ्यापासून घोट्यापर्यंत जाडजूड अंगरखा शिवला. छातीवर खडूनं लिहिलं, 'पडप्रूफ'. असा घरगुती सोयरा मला पहिल्यांदाच मिळाला! मी तर फुगलोच.

गब्बूला आत कोंबून उभं केलं. तो धप्पकन आडवा झाला. लागलं काहीच नाही, पण गुडघेच वाकेनात. उलट्या कासवासारखा हातपाय हलवत त्यानं भोकाड पसरलं.

"पोरगं आहे की गादी?" सासूबाई हसून हसून खालीच बसल्या.

गब्बूची आई हसली नाही. "आई, याला उठताच येत नाहीये हो," ती सासूबाईंना हळूच म्हणाली.

तिनं भराभरा बंद सोडले, त्याला मोकळं उभं केलं आणि आपले हात पाठीमागे घट्ट धरले. तो पडला. तिनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा गब्बू स्वतःच उठून, डुलत डुलत आजीकडे निघाला होता.

"चालला! अहो आई, चालला!" ती ओरडली आणि तिलाच रडू फुटलं.

तो अंगरखा आता सासूबाईंच्या पाठीशी उशी होऊन पडलाय. खडू पुसत चाललाय, म्हणजे मीही चाललोय. वाईट नाही वाटत. छपरावर, छत्रीवर मला खुशाल बसवा, इमानानं राखण करीन. पण लेकरू चालायला निघालं, की मला तेवढं बाजूला होऊ द्या. पुसट झालो तरी त्याची पावलं मला इथून छान दिसतात.