सारफथच्या वेशीवरचा निवाडा

यरुशलेमच्या शलमोन राजाचं नाव आमच्या सारफथात आलं ते देवदाराचे ओंडके पोचवून परतलेल्या खलाशांच्या तोंडून. दोन बाया एका बाळासाठी भांडत होत्या म्हणे. राजानं तलवार मागवली आणि म्हणाला, बाळाचे दोन तुकडे करा. एक म्हणाली, करा. दुसरी म्हणाली, नको, तिलाच देऊन टाका. राजानं ओळखलं, ही दुसरीच खरी आई. झालं! मिसर, अराम, अदोम, जिकडे जावं तिकडे हीच गोष्ट. आणि आमच्या वेशीवर न्याय करणाऱ्या मगोनच्या अंगात शलमोन संचारला.

त्याआधी मगोन बरा माणूस होता. दहा वडीलधाऱ्यांना विचारायचा, दोन्हीकडच्यांना पोटभर रडू द्यायचा आणि आठ दिवसांनी काहीतरी तोडगा काढायचा. आता त्यानं लोहाराकडून तलवार करवून घेतली. दोन भाऊ गाढवासाठी भांडत आले तेव्हा त्यानं ती उपसली. भाऊ दोघेही कोडगे. दोघेही म्हणाले, "कापा." परदेशी व्यापारी बघत होते, मगोनला मागे फिरता येईना. गाढव कापलं गेलं.

अशा माणसापुढे मला बतनोआमसाठी उभं राहायचं होतं.

तिला मी जन्म दिला नव्हता. तो अरिशतनं दिला. तिचा नवरा समुद्रात बुडाला, तिचं दूध आटलं, तेव्हा आठ दिवसांची पोर माझ्या ओटीत टाकून ती सोरला, कापड रंगवायच्या कामावर गेली. माझं मूल नुकतंच गेलं होतं, अंगावर दूध होतं. चार वर्षं पोर मला आई म्हणाली. मग एक दिवस रंगानं जांभळ्या पडलेल्या हातांची अरिशत दारात उभी राहिली. "माझी लेक दे," म्हणाली. मी दार लावून घेतलं. खोटं कशाला बोलू, मला तिचा जीव घ्यावासा वाटला.

निवाड्याच्या सकाळी माझा पाय एका जागी ठरेना. पीठ मळायला घेतलं, तसंच टाकलं. पोरीची वेणी तीनदा घातली, तीनदा सोडली. शेजारीण तर दारातूनच सुरू झाली.

"अगं अमतबाल, त्यानं तलवार उचलली की बोंब ठोक! तिलाच द्या म्हण. मग पोर तुझीच."

"आणि अरिशतला हे कुणी सांगितलं नसेल?"

"मीच सांगितलं की! विचारलं तिनं. नाही कसं म्हणायचं, बाई?"

वेशीवर माणसांची ही गर्दी. मगोननं दोघींचं म्हणणं धड ऐकूनही घेतलं नाही. तलवार उपसली, आणि आम्ही दोघी एकदमच ओरडलो, "नको! तिलाच द्या!" हक्क सोडायचा तर आमच्यात वडीलधाऱ्यांसमोर पायातली वहाण काढून ठेवतात. आम्ही दोघींनी ती एकमेकींच्या आधी काढायची घाई केली. लोक खो खो हसले.

"आता रे आबा?" मागून कुणीतरी ओरडलं. "शलमोनाला विचारून ये जा!"

मगोन लालबुंद झाला. "दोघींनीही हक्क सोडलाय," तो म्हणाला. "दहा साक्षीदार आहेत. म्हणजे पोर कुणाचीच नाही. अष्टोरेथ देवीच्या देवळात जाईल."

देवळात दिलेली पोर परत घरी येत नाही. पुजारीण पुढे आली, तिनं बतनोआमचा हात धरला. पोर माझ्याकडे बघून "आई" म्हणून किंचाळली. अरिशत मटकन खाली बसली होती.

मगोनच्या हातात तलवार तशीच होती. त्याला गोष्टीतली दुष्ट बाई हवी होती, बस्स. आमच्यापैकी एक जरी "कापा" म्हणाली असती, तर त्यानं पोर दुसरीला दिली असती. मी क्षणभर थांबले. अरिशतनं म्हणावं म्हणून थांबले, आजही त्याची लाज वाटते. पुजारीण चालू लागली.

मी वहाण पायात घातली.

"मी नाही सोडत हक्क!" मी ओरडले. "कापा! माझा अर्धा वाटा मला द्या!"

मग मगोनचा चेहरा असा खुलला की विचारू नका. "बघा, बघा हिला! ही कसली आई?" त्यानं पोर अरिशतच्या मांडीवर दिली. व्यापाऱ्यांनी वाहवा केली. बायांनी माझ्यावर माती फेकली. आता पार दिमिष्कापर्यंत म्हणतात, सारफथचा मगोन म्हणजे दुसरा शलमोन.

अरिशतला सगळं कळलं होतं. पण ती बोलली तर निवाडा मोडणार आणि पोर देवळात जाणार. म्हणून ती माझ्या दारावरून मान खाली घालून जाते. मीही तिला हाक मारत नाही.

परवा विहिरीवर बतनोआम भेटली. नऊ वर्षांची झालीय, चांगली उंच. घागर खाली ठेवून तिनं मला नीट न्याहाळलं.

"मला कापा म्हणालीस ती तूच ना?"

सात-आठ बाया पाणी भरत होत्या. सगळ्यांचे हात थांबले.

"हो गं," मी म्हणाले. "मीच ती."