एका दातावरून मासा

मी दात बोलतोय. बैलाचा नाही, माणसाचा नाही. माशाचा. ज्या माशाचा मी, ती जात आता जगात कुठंच नाही. लाखो वर्षांपूर्वी ती संपली.

माझी उंची पाच इंच. रंग काळपट तपकिरी. दोन्ही कडांना करवतीसारखे बारीक दाते आहेत आणि ते अजून बोटाला लागतात. हे मी अभिमानानं सांगतो. माझ्या वयात धार फार थोड्यांची टिकते.

माझा धनी समुद्रात फिरे. त्याच्या तोंडात आमच्या रांगा होत्या. पुढचा पडला की मागचा पुढं येई. माझी पाळी आली, थोडे दिवस कामाला आलो, एका हाडात रुतलो आणि सुटलो. तळाशी गेलो. वर गाळ बसला, गाळाचा दगड झाला, समुद्र हटला. त्या काळाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

मला उचललं हिंमतरावांनी. ते मोताळ्याजवळच्या एका गावचे, बैलांचे व्यापारी. पन्नास वर्षांपूर्वी बैल पाहायला कच्छात गेले होते. तिथं कोरड्या नदीच्या पात्रात मी त्यांच्या वहाणेखाली आलो. सोबतचे म्हणाले, भाल्याचं पातं असेल. हिंमतरावांनी मला पालथं केलं, अंगठ्यानं पुसलं आणि म्हणाले, "दात हाय." जन्मभर जनावरांची तोंडं उघडणाऱ्या माणसाला दुसऱ्यांदा पाहावं लागलं नाही.

शाळा त्यांची दुसरीपर्यंत. पण मोताळ्याच्या बाजारात त्यांच्या शब्दाला मान होता. बैलाचा ओठ वर करायचे, दात पाहायचे आणि सांगायचे, दोनदाती, चारदाती, किंवा जुळलेला, म्हणजे सगळे दात आलेला. त्यांनी सांगितल्यावर त्या बैलाचं तोंड पुन्हा कोणी उघडत नसे. उघडणं म्हणजे हिंमतरावांना खोटं म्हणणं. ही बाजाराची रीत होती.

माझ्या माशाचा अंदाज त्यांनी कच्छातून परतताना गाडीतच बांधला. बैलाचा पुढचा दात बोटाच्या पेराएवढा, आणि बैल पाच हात लांब. मी त्या दाताच्या सहापट. म्हणजे मासा तीस हात. मग त्यांनी माझी धार पाहिली. बैलाचं वय वाढतं तसा त्याचा दात झिजतो. मी झिजलेलो नव्हतो.

"जनावर तरनं होतं," ते म्हणाले. "पुरं भरल्यावर दुप्पट झालं असतं."

तिसाचे साठ झाले. साठ हात, म्हणजे नव्वद फूट.

घरी त्यांच्या पत्नीनं, वच्छलाबाईंनी, मला देवघरात येऊ दिलं नाही. "मेलेल्याचा दात देवाजवळ? तुमचं डोस्कं ठिकानावर हाय ना?" म्हणून मी ज्वारीच्या कोठीवर राहिलो. लोक मला पाहायला येत. हिंमतराव मला त्यांच्या हातावर ठेवत आणि एवढंच बोलत, "साठ हात." कोणी 'कशावरून' असं विचारलं नाही.

पुढं गावात ट्रॅक्टर आले. बैल कमी झाले. हिंमतरावांना बाजारात बोलावणं येईनासं झालं. वच्छलाबाई गेल्या. आता हिंमतराव ब्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांच्या अंदाजाची खूण म्हणून माझ्याशिवाय काही उरलं नाही.

गेल्या हिवाळ्यात गावच्या शाळेनं ठरवलं, आवाराच्या लांब भिंतीवर हा मासा खऱ्या मापानं रंगवायचा. खाली ओळ लिहायची, 'हिंमतराव यांच्या अंदाजानुसार साठ हात'. हिंमतरावांनी धुतलेलं धोतर काढून ठेवलं.

भिंतीचं काम योगिनीकडं होतं. ती त्यांची नात, त्याच शाळेत विज्ञान शिकवते. तिनं मला पट्टीवर ठेवलं. उंची घेतली, रुंदी घेतली, फोटो काढून तिच्या कॉलेजच्या सरांना पाठवले. त्यांचं उत्तर आल्यावर तीन दिवस ती आजोबांसमोर बसली नाही.

चौथ्या दिवशी शालिग्राम आले. हिंमतरावांचे बाजारातले जुने सोबती. त्यांच्या पोटात गोष्ट राहत नाही.

"हिंमतराव, नात तुमचा मासा कापून राह्यली म्हनते."

हिंमतरावांनी योगिनीला हाक मारली. मला कोठीवरून काढून समोर ठेवलं.

"किती?"

"आबाजी, सव्वीस ते सदतीस हात."

"सव्वीस का सदतीस? असा सांगत असते का कोनी? बैल चारदाती हाय का जुळेल हाय, एक सांगा लागते."

"बैलाचं पुरं तोंड समोर असते, आबाजी. इथं एकच दात हाय. पुढचा का बाजूचा, पक्कं सांगता येत नाही. बाजूचे दात लहान असते. हा बाजूचा असंन तर मासा मोठा, पुढचा असंन तर लहान."

"बाकीची हाडं पाह्यची मंग."

"नाहीत. आपल्या नाकाचा शेंडा कसा नरम असते, तसा त्याचा सांगाडा. सडून जाते. दातच उरते. म्हनून याच्यासारख्याच आताच्या शार्क माशाचं माप घेऊन त्याच्यावरून हिशोब करते. तुमी बैलावरून केला तसाच. तुमचे तीस हात बरोबर बसते, आबाजी."

"अन् दुपटीचं? धार पाह्य. घासला काऊन नाही?"

योगिनीनं खाली पाहिलं. "बैलाले दुधाचे दात पडल्यावर एकदाच दात येते. ते जन्मभर घासते. या माशाले नवे येतच राह्यते. म्हाताऱ्याच्याही तोंडात कोरा दात असते."

हिंमतरावांनी माझ्या कडेवरून अंगठा फिरवला. एकदा. पुन्हा एकदा. त्या अंगठ्यानं हजारो जनावरांचं वय सांगितलं होतं. आता तो थांबला.

"मंग साठ हात गेले पान्यात," शालिग्राम म्हणाले.

"चूप बस बे."

"राहू द्या साठच," योगिनी म्हणाली. "मी मुख्याध्यापकांशी बोलीन. कोनाले कळनार हाय?"

हिंमतरावांनी तिच्याकडं असं पाहिलं की ती उठून आत गेली. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

सोमवारी रंगारी आला. त्यानं भिंतीच्या दोन्ही टोकांना खडूनं खुणा करून ठेवल्या होत्या. पोरं, मास्तर, गावातले चारदोन म्हातारे उभे होते. हिंमतराव धुतलेलं धोतर नेसून आले. मी त्यांच्या खिशात होतो. त्यांनी बाही वर केली, कोपर एका टोकाच्या खुणेवर टेकवलं आणि बोटाच्या टोकाशी खूण केली. एक हात. मग पुढं सरकले. दोन. कोणी धरायला आलं तर मान हलवून नको म्हणत. दम लागला की भिंतीला टेकून उभे राहत. आकडा मात्र चुकला नाही.

सव्वीसला थांबले. "इथं शेपूट काढ. पक्क्या रंगानं." पुन्हा मोजत निघाले. सदतीसला थांबले. कोपर सोलवटलं होतं. "इथं दुसरं. नुसतं ठिपक्यांचं."

रंगारी गोंधळला. "बाबा, माशाले दोन शेपट्या?"

"शेपूट एकच. कुठं होतं, ते कोनाले माहीत नाही."

"अन् खालची ओळ? साठ हात लिहू ना?"

"साठ खोडून टाक." आवाज चढला नाही. "लिही, सव्वीस ते सदतीस हात. नक्की माहीत नाही."

"तुमचं नाव मंग गाळू का?"

"काऊन? त्याच्याच खाली लिही. मोठ्या अक्षरात."

योगिनी डोळ्यांना पदर लावून भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. हिंमतरावांनी मला खिशातून काढलं, तिच्या हातात दिलं आणि एकटेच घराकडं चालू लागले. पाठ ताठ होती.

आता मी शाळेत काचेच्या पेटीत आहे. पोरं काचेला नाक लावून मला विचारतात, मासा खरंच केवढा होता? मला ते सांगता येत नाही. मी त्याच्या तोंडात होतो. शेपूट मी कधी पाहिलंच नाही. तुम्हीच मोजा. मला बाहेर काढा, पुन्हा पट्टीवर ठेवा. तोंड पुन्हा उघडलं म्हणून, बाजारात व्हायचा तसा, इथं कोणाचा अपमान होत नाही.